ओटीपी मिळणार नाही

"ओटीपी सांगा मावशी," मी दारातूनच म्हणालो. "आत्ताच मेसेज आला असेल बघा. चार आकडे."

मावशींनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, मान मागं घेतली आणि वाचला. "आलाय."

"मग सांगा की."

"नेट चालू झालं का?"

"होतंय मावशी. तुम्ही आकडा सांगितला की तक्रार पुढं जाते."

"पुढं जाते की बंद होते?"

मी गडबडलो. बार्शीत तोवर मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लोक आकडा सांगायचे, मी तो फोनमध्ये टाकायचो, तक्रार बंद व्हायची आणि मी पुढच्या घरी जायचो. वायर जमलं तर नंतर.

"उन्हातून आलात," त्या म्हणाल्या. "आत या. पाणी घ्या, मग बघू."

मी आत गेलो. खुर्चीवर टेकलो, तांब्या तोंडाला लावला आणि मागं कडी वाजली. वळून पाहिलं तर मावशी दाराला कुलूप लावत होत्या. लावून झाल्यावर त्यांनी ते ओढून पाहिलं, किल्ली कमरेला खोचली आणि समोर येऊन बसल्या.

"आता नेट चालू झालं की ओटीपी. ओटीपी झाला की दार. बसा निवांत, सुरवसे."

माझं आडनाव त्यांनी गळ्यातल्या ओळखपत्रावर वाचलं असणार. पण ते उच्चारलं त्या आवाजानं मी दचकलो. तो आवाज माझ्या लहानपणापासून ओळखीचा होता. माझ्याच काय, बार्शीतल्या कुणाच्याही. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, तुळजापूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे' असं सांगणारा स्टँडवरचा आवाज. गाडी उशिरा असेल तर उशिरा आहे म्हणून सांगायचा, रद्द असेल तर रद्द. त्या आवाजाला चेहरा असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. आता तो समोर बसला होता: जाड भिंगांचा चष्मा, पांढरा अंबाडा आणि दारावरच्या पाटीवर नाव, रत्नमाला मिरगणे, निवृत्त वाहतूक नियंत्रक.

त्या वेळी मी झेपनेट नावाच्या कंपनीत वायरमन होतो. कंपनी मोठी, पण बार्शीतली एजन्सी नागनाथ गुंड यांची. आडनाव गुंड असलं तरी माणूस भित्रा. ते कंपनीला भीत आणि त्याची कसर माझ्यावर काढत. तक्रार आली की एका दिवसात बंद झाली पाहिजे असा कंपनीचा नियम होता. दुरुस्त झाली पाहिजे असं त्यात लिहिलेलं नव्हतं. गुंडसाहेब रोज सकाळी सांगायचे, "बाळ्या, आधी ओटीपी घे, मग वर बघ." गावात आम्ही दोघं वायरमन होतो. दुसरा कंटाळून पुण्याला गेला, तेव्हापासून मी एकटाच.

मावशींनी फोन उघडला आणि एकेक मेसेज वाचू लागल्या, अगदी माइकवर वाचावा तसा.

"प्रिय ग्राहक, आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. हा मागच्या सोमवारचा, फोनवर ओटीपी सांगितला तेव्हाचा. प्रिय ग्राहक, आमचा प्रतिनिधी आपल्या घरी येऊन गेला. हा बुधवारचा. कोण आला होता बुधवारी?"

"मी नव्हतो."

"कुणीच नव्हतं. मी दिवसभर दारात बसून होते. प्रिय ग्राहक, आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात हे पाहून आम्हाला आनंद झाला." त्यांनी चष्मा काढला. "मी समाधानी आहे हे यांना कुणी सांगितलं, सुरवसे?"

मी तांब्यातलं उरलेलं पाणी प्यालो.

"चार वाजता माझं काम आहे," त्या म्हणाल्या. "अतिशय महत्त्वाचं. त्याच्या आत नेट पाहिजे."

"कसलं काम?"

"ते तुम्हाला कळून उपयोग नाही."

मी इकडंतिकडं पाहिलं. भिंतीवर हार घातलेला मावशींच्या यजमानांचा, काकांचा फोटो, टेबलावर गोळ्यांच्या पट्ट्या. डॉक्टरांशी बोलायचं असेल, नाहीतर पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असेल, असं मला वाटलं. माझ्या फोनवरून नेट देतो म्हटलं, पण त्या गल्लीत रेंज बोलण्यापुरतीच. फोनमधलं चाक गोल गोल फिरत राहिलं.

गच्चीचा जिना घरातूनच होता. वर जाऊन पाहिलं. कठड्याच्या कडेनं गेलेली काळी वायर खारींनी कुरतडून पार दोन केली होती. गच्चीवरून पळता येईल का हेही बघून घेतलं. खाली शेजाऱ्यांची म्हैस बांधलेली होती आणि ती माझ्याकडंच बघत होती. मी खाली आलो. तोवर मावशींनी मंगल कार्यालयाची चिठ्ठी लावलेली माझी पिशवी कपाटात ठेवून दिली होती.

"वायर तुटलीय मावशी. जोडायला मशीन लागतं."

"मग जोडा."

"मशीन माझ्याकडं नसतं. साहेबांच्या कपाटात असतं. महाग आहे ना, म्हणून ते बाहेर काढत नाहीत. नवीन कनेक्शन असलं तरच देतात."

"म्हणजे नवीन माणसाला जोडायचं आणि जुन्याला सोडायचं."

"तसंच काहीसं."

"लावा साहेबांना फोन."

मी लावला. पलीकडून "किती बंद झाल्या रे बाळ्या?" असं ऐकू आलं तेवढ्यात मावशींनी फोन हातातून घेतला.

"गुंड का? मी रत्नमाला मिरगणे, सोमवार पेठ. तुमचा माणूस माझ्या ताब्यात आहे."

"ताब्यात?" साहेबांचा आवाज चिरकला.

"त्याला काही त्रास नाही. पोहे खातोय." मी पोहे खात नव्हतो, पण कढईत तेल तापायला लागलं होतं. "त्याची मोटारसायकल माझ्या अंगणात आहे, शिडी आहे. आणि मंगल कार्यालयात संध्याकाळी बसवायच्या नेटच्या नव्या डब्यांची पिशवी माझ्या कपाटात आहे. तुमचं मशीन घेऊन या आणि हे सगळं घेऊन जा."

"अहो बाई, असं कसं... पोलिसात जाईन मी!"

"अवश्य जा. ते पण तुमचेच ग्राहक आहेत. चौकीतलं नेट कधीपासून बंद आहे ते त्यांनाच विचारा." आणि त्यांनी फोन ठेवला.

तो लगेच परत वाजला. साहेब असतील म्हणून मी हात पुढं केला, पण पडद्यावर दुसराच नंबर होता. मी फोन उलटा ठेवला. तो वाजून थांबला. परत वाजला.

"उचलत का नाही?" मावशींनी विचारलं.

"ग्राहक आहे. सकाळपासून चाललंय. उचलून सांगू काय?"

"कुठं आहात ते सांगा."

"असं सांगत नसतात मावशी. 'अर्ध्या तासात येतो' असं सांगायचं असतं."

"आणि जाता?"

फोन तिसऱ्यांदा वाजला. त्यांनी फोन उचलला, ताठ बसल्या, घसा साफ केला.

"झेपनेटच्या ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. बालाजी सुरवसे सध्या सोमवार पेठेत थांबलेले आहेत. आपण कुठून बोलता? उपळाई रोड? आपलं काम काय? बरं. आज ते आपल्याकडं येणार नाहीत. उद्या सकाळी अकराला येतील."

मी डोकं धरलं. आता पलीकडची बाई किंचाळणार, मग कंपनीला फोन, मग साहेब. पण पलीकडून एक बारीक आवाज आला.

"नक्की उद्या अकराला?"

"नक्की."

"मग आज मी बाहेर गेले तर चालेल?"

"खुशाल जा."

"अहो, चार दिवस झाले, येतो येतो म्हणतात म्हणून मी घर सोडलं नाही. आईला भेटायला जायचंय दवाखान्यात. जाऊन येते. फार उपकार झाले बघा."

फोन बंद झाला. मावशी उठल्या. पोह्यांची बशी माझ्यासमोर ठेवून कागद-पेन्सिल घेऊन बसल्या.

त्यानंतर तासभर फोन वाजत राहिला आणि तासभर त्या माझ्या गाड्या सोडत राहिल्या. भवानी पेठ साडेपाच. कॉम्प्युटर क्लासवाले उद्या दुपारी. एक आजोबा फारच तापलेले होते, त्यांना म्हणाल्या, "आपल्या भागातली मुख्य वायरच तुटली आहे, तीन दिवस लागतील." आजोबा म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं तर मी पेपर लावला असता." एकानं शिव्या द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी त्याला मध्येच थांबवून विचारलं, "आवाज ओळखीचा वाटतो. तू मोरेश्वर कुलथेचा धाकटा ना? स्टँडवर पेरू विकायचास?" मग दोघं पेरूंवर बोलले.

गुंडसाहेब आले ते मशीन पोटाशी धरून. लेकरू धरावं तसं. खिडकीतून त्यांनी आधी मला पाहिलं, मग पिशवी कुठं दिसते का ते पाहिलं. मावशींनी दार उघडलं, "या, या, बसा" म्हणाल्या. साहेब आत आले आणि मागं परत कडी वाजली. पुन्हा कुलूप.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"चहा ठेवलाय," मावशी म्हणाल्या.

मी मशीन घेऊन गच्चीवर पळालो. काम बारीक होतं, केसाएवढ्या तारा. हात थरथरून चालत नाही. पण खालून येणारं ऐकून मला हसू आवरत नव्हतं. मावशींनी माझा फोन साहेबांच्या हातात दिला होता.

"हो हो, बघतो, लगेच पाठवतो," साहेब म्हणत होते.

"गुंड, 'लगेच' म्हणजे किती वाजता?" मावशींचा आवाज.

"म्हणजे... माणूस मोकळा झाला की."

"माणूस गच्चीवर आहे आणि एकच आहे. त्यांना तसं सांगा."

जरा वेळानं साहेबांचा पडलेला आवाज आला, "माणूस एकच आहे हो. नाही, खरंच एकच आहे."

वायर जोडून खाली आलो तर नेटच्या डब्यावरचा लाल दिवा हिरवा झाला होता. साहेबांनी रुमालानं मान पुसली. "बाई, आता ओटीपी द्या, किल्ली द्या, आम्ही जातो."

"काम होऊ द्या आधी. मध्येच बंद पडलं तर?"

चारला थोडा वेळ होता. मावशींनी तोंड धुतलं, अंबाडा परत घातला, देवापुढं दिवा लावला. कपाटातून टॅब काढून टेबलावर पुस्तकाला टेकवून उभा केला आणि काकांच्या फोटोकडं एकदा पाहिलं. साहेब माझ्या कानात म्हणाले, "बाळ्या, मोठं दुखणं दिसतंय. डॉक्टरशी बोलणार. आपण स्वयंपाकघरात बसू." आम्ही चोरपावलांनी उठलो.

टॅबमधून टुंग टुंग वाजलं. वळून पाहिलं तर पडद्यावर लाल, हिरवी, पिवळी, निळी घरं.

लुडो.

"या विहीणबाई," मावशी टॅबला म्हणाल्या. "आले मी. तुम्हाला वाटलं असेल बाई येतच नाही."

"वाटलंच होतं ना बाप्पा!" टॅबमधून खणखणीत वऱ्हाडी आवाज आला. "म्या तं पेढेही आणून ठेवले होते. काहून उशीर?"

"उशीर नाही. वेळेवर आहे. आधीच्या सहा डावांत तीन तुमचे, तीन माझे. हा शेवटचा."

साहेब उभेच राहिले. "लुडो? मला लुडोसाठी कोंडलं?"

मावशींनी पडद्यावरची नजर न काढता आम्हाला सांगितलं. मुलगा प्रसाद आणि सून बंगळूरला. दिवाळीत चारच दिवस सुट्टी. इकडं आले तर अमरावतीच्या सुलोचना गावंडे रुसणार, तिकडं गेले तर बार्शीच्या रत्नमालाबाई. मागच्या वर्षी दोन्हीकडं जाण्याच्या नादात सगळी दिवाळी गाडीतच गेली, नात ईराला ताप भरला. शेवटी प्रसाद म्हणाला, तुम्ही दोघी काय ते ठरवा, आम्हाला मध्ये घेऊ नका. फोनवर ठरवायला गेल्या तर भांडण झालं. मग लुडो. वेळेला जी हजर नसेल ती हरली, अशी अट विहीणबाईंची.

"हे गेल्यानंतर ही दुसरी दिवाळी," मावशी म्हणाल्या आणि फासा टाकला. "सहा. गुंड, बसा की. उभं राहून अंधार करू नका."

डाव रंगला. विहीणबाई प्रत्येक फाशाआधी गजाननाचं नाव घेत. मावशींची सोंगटी मारली की आनंदानं ओरडत. साहेब आधी तोंड फिरवून बसले होते, मग खुर्ची जवळ ओढली, मग म्हणू लागले, "ती नको बाई, मागची हलवा, मागची!" एकदा तर त्यांनी स्वतःच बोट लावलं आणि मावशींनी हातावर चापट मारली.

शेवटी मावशींची एकच सोंगटी उरली, घरात जायला तीन हवे होते. विहीणबाईंचीही एकच, त्यांना दोन. फासा विहीणबाईंचा.

"जय गजानन," टॅबमधून आलं. "आता पाहा बरं मी क..."

आणि आवाज तुटला. पडद्यावर चाक फिरायला लागलं. मी डब्याकडं पाहिलं, दिवा हिरवाच होता. पडद्यावर अक्षरं आली: समोरचा खेळाडू जोडलेला नाही. खाली आकडे उलटे पडू लागले आणि शून्याला फटाके उडाले. आपण विजयी झाला आहात.

"जिंकलात!" साहेब टाळ्या वाजवत उठले. "दिवाळी बार्शीत!"

मावशी फटाक्यांकडं बघत राहिल्या. मग मोबाइल घेऊन त्यांनी अमरावतीला फोन लावला.

"काय झालं विहीणबाई?"

"नेट गेलं ना! आठ दिवसांपासून असंच लावलंय त्यानं, येते अन् जाते. सकाळीच पोरगा आला होता झेपनेटचा."

"दुरुस्त केलं?"

"वर पाहिलं, खाली पाहिलं अन् गेला."

"ओटीपी दिलात?"

"देल्ला ना. तो म्हणे, तक्रार समोर जाते."

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मी साहेबांकडं पाहिलं. साहेब फोटोतल्या काकांकडं बघायला लागले.

"हा डाव धरायचा नाही," मावशी फोनमध्ये म्हणाल्या. "नेट आलं की परत खेळू. आणि आता तो पोरगा आला की आत घ्या, पाणी द्या आणि दाराला कुलूप घाला. किल्ली कमरेला."

"अवं, असं चालते?"

"चालतं. माझ्याकडं दोघं आहेत."

फोन ठेवल्यावर साहेबांना राहवेना. "अहो, पण तुम्ही जिंकलाय! मशीनच सांगतंय जिंकलाय म्हणून!"

"गाडी फलाटावर लागलीच नाही, आणि पोचली म्हणून पुकारायचं?" मावशींनी कमरेची किल्ली काढली. "ते तुमच्याकडं, गुंड. स्टँडवर तसं चालत नसे."

मग त्यांनी मला चार आकडे सांगितले. सात, शून्य, तीन, एक. मी टाकले. तक्रार बंद झाली. त्या नोकरीत पहिल्यांदाच मला तो हिरवा टिकमार्क बघून बरं वाटलं.

साडेपाचला मी भवानी पेठेत होतो. दारात उभा असलेला माणूस घड्याळाकडं बघून म्हणाला, "आयला, खरंच आलास!" दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःहून मावशींकडं गेलो आणि घरांची यादी दिली. त्यांनी मार्ग आखून दिला. महिन्याभरात लोक मला फोन करायचे बंद झाले, त्यांनाच विचारायला लागले, बालाजी कुठवर आलाय. साहेबांनी आठवडाभर आरडाओरडा केला, मग कंपनीकडून येणाऱ्या शिव्या कमी झाल्यावर गप्प बसले. मशीन कपाटातून निघून माझ्या मोटारसायकलवर आलं. दोन वर्षांनी मी स्वतःचं नेट टाकलं. आज बार्शीत निम्म्या घरांत माझं नेट आहे. पण ते पुढचं.

अमरावतीच्या पोरालाही विहीणबाईंनी कोंडलं म्हणे. त्याला पुरणपोळी मिळाली. नेट आलं, डाव झाला आणि मावशी हरल्या. हरल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "नीट हरले." दोन दिवस त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

आणि दिवाळीच्या तोंडावर प्रसादचा फोन आला. ईराच्या शाळेनं सुट्टी कमी केली होती, सुनेला रजा नव्हती. कुणीच कुठं येणार नव्हतं.

पाडव्याला मी फराळाला गेलो, तर अंगणात अनोळखी चपला. आत सतरंजीवर एक ठसठशीत बाई मांडी घालून बसलेल्या. अमरावतीहून एकट्या निघून, दोन एसट्या बदलून आल्या होत्या. मुलांच्या लग्नानंतर दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. मध्ये पुठ्ठ्याचा लुडो मांडलेला, फासा चहाच्या कपात.

"हाच का तो कोंडलेला?" विहीणबाईंनी विचारलं. "बस बाबू. पिवळा घे."

मी बसलो. विहीणबाईंनी गजाननाचं नाव घेऊन कप हलवला आणि उपडा केला. चार पडले. त्यांनी सोंगटी उचलली आणि तोंडानं मोजत मोजत सहा घरं पुढं नेऊन ठेवली, मावशींच्या सोंगटीच्या पार पलीकडं.

मी मावशींकडं पाहिलं. जाड भिंगांमधून त्या पटाकडंच बघत होत्या. त्यांना दिसलं नसेल असं होणंच शक्य नव्हतं. त्यांनी चकल्यांचा डबा माझ्याकडं सरकवला.

"बालाजी, खा तू," त्या म्हणाल्या. "खेळ लांबणार आहे. विहीणबाई चार दिवस आहेत."